ऱ्होनडॉर्फचा म्हातारा

पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाऊर यांना सगळा देश 'म्हातारा' म्हणायचा. तोंडावर नव्हे, पण वर्तमानपत्रांत, बिअरच्या गुत्त्यांत, आगगाडीच्या डब्यात सर्रास. त्यात थोडी चेष्टा असे, थोडा धाक असे आणि बराचसा आपलेपणा. आपल्याकडे खेड्यात घरातल्या कर्त्या पुरुषाबद्दल 'म्हातारा काय म्हणतोय बघा, मग ठरवू' असं जे बोलतात ना, तसाच काहीसा सूर. १९४९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते चॅन्सेलर झाले आणि चौदा वर्षांनी, सत्त्याऐंशी वर्षांचे असताना, मोठ्या नाराजीनं खुर्चीवरून उठले.

त्यांच्या राजकारणावर ढीगभर पुस्तकं आहेत. आज मला सांगायचं आहे ते त्यांच्या घराबद्दल. दोन लग्नं, आठ मुलं, एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि या सगळ्याच्या तळाशी लहानपणी आईबापांकडून मिळालेली आणि कधीही न सुटलेली कॅथलिक श्रद्धा. या माणसाला ज्यांनी मोडायचं ठरवलं त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. त्याच्यापर्यंत पोचायची वाट घरातून जाते.

आडेनाऊर यांचा जन्म ५ जानेवारी १८७६चा, ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहरातला. हा काळ समजून घेतल्याशिवाय त्या घरातली श्रद्धा समजणार नाही. ऱ्हाईनचा हा मुलूख पूर्वापार कॅथलिक, पण १८१५पासून तो प्रशियाच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट राजाच्या, ताब्यात होता. १८७०च्या दशकात बिस्मार्कनं कॅथलिक चर्चला वेसण घालायची मोहीम उघडली. धर्मगुरू तुरुंगात गेले, मठ बंद झाले. खुद्द कोलोनचे आर्चबिशप १८७४ साली गजाआड होते आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांना देश सोडून हॉलंडमध्ये पळून जावं लागलं. त्यानंतर महिनाभरातच कोनराडचा जन्म झाला. शहराच्या मधोमध उभं असलेलं, १२४८ साली पायाभरणी झालेलं प्रचंड कॅथेड्रल १८८० साली पुरं झालं, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा होता. सरकार येतं आणि जातं, देऊळ उभं राहतं, हे त्या गावातल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नसे.

वडील न्यायालयात कारकुनीच्या हुद्द्यावर. १८६६च्या लढाईत शौर्य गाजवून ते सैन्यात अधिकारी झाले होते, पण ज्या मुलीवर मन बसलं तिच्या घरी अधिकाऱ्याच्या बायकोला लागणारा हुंडा नव्हता. तेव्हा त्यांनी हुद्दा सोडला आणि मुलीशी लग्न केलं. पगार तुटपुंजा, घरात भाडेकरू ठेवलेले, मुलं एका बिछान्यात दोघं-दोघं झोपायची. रोजची प्रार्थना सगळ्यांनी मिळून करायची. वसईत किंवा गोव्यात तिन्हीसांजेला रोजरीसाठी सगळं घर एकत्र बसतं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. असं सांगतात की एका वर्षी वडिलांनी मुलांपुढे पर्याय ठेवला: नाताळचं झाड आणि मेणबत्त्या हव्या असतील तर पुढचे काही रविवार ताटात मांस येणार नाही. मुलांनी झाड निवडलं.

थोरल्या दोघांच्या शिक्षणात पैसे संपले म्हणून कोनराडला बँकेत उमेदवारीला लावलं गेलं. त्याचा पडलेला चेहरा बापाला बघवला नाही. पंधरा दिवसांत त्याला परत आणलं, कुठून तरी शिष्यवृत्ती जमवली आणि पोरगा वकिलीच्या अभ्यासाला गेला. रात्री झोप येऊ नये म्हणून थंड पाण्यात पाय बुडवून वाचत बसायचा म्हणे. आपल्याकडेही अशी शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करणाऱ्यांची पिढी होऊन गेली. दोन भावांपैकी एक वकील झाला, दुसरा धर्मगुरू.

१९०४ साली कोनराड यांनी एमा वायर हिच्याशी लग्न केलं. घराणं कोलोनमधलं जुनं, वजनदार. पण पहिल्या बाळंतपणापासून एमाची तब्येत ढासळली ती सावरलीच नाही. दोन मुलगे आणि एक मुलगी झाली, दुखणं वाढत गेलं. शेवटच्या काळात नगरपालिकेतलं काम आटोपलं की आडेनाऊर थेट तिच्या खाटेपाशी येऊन बसत. ऑक्टोबर १९१६मध्ये ती गेली. पदरात दहा, सहा आणि चार वर्षांची तीन मुलं. बाहेर पहिलं महायुद्ध, शहरात उपासमार, आणि शहराच्या अन्नपुरवठ्याची जबाबदारी यांच्याच डोक्यावर. गहू नाही म्हणून मका, सातू आणि तांदळाच्या पिठाचा पाव त्यांनी तयार करवून घेतला, सोयाबीनचं सॉसेज काढलं. पावाची चव कुणाला आवडली नाही, पण पोटाला आधार झाला.

पुढच्याच मार्चमध्ये त्यांची मोटार ट्रामवर आदळली. चेहऱ्याची हाडं मोडली. आपण फोटोत पाहतो तो कोरीव, जरासा मंगोल वळणाचा, हलत नसल्यासारखा चेहरा त्या अपघातानं दिलेला. ते अजून अंथरुणावर असतानाच शहराचं महापौरपद रिकामं झालं. डोक्याला मार लागलाय, तर बुद्धी शाबूत आहे ना, हे पाहायला नगरसेवक त्यांना भेटायला गेले आणि गप्पांच्या मिषानं चाचपून आले. खात्री पटली. सप्टेंबर १९१७मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, ते कोलोनचे महापौर झाले.

शेजारी एक डॉक्टर प्राध्यापक राहत. त्यांची मुलगी गुसी. बागेच्या कुंपणाशी फुलझाडांच्या गप्पा व्हायच्या, मुलांशी तिची गट्टी जमली. ती प्रॉटेस्टंट, यांच्याहून एकोणीस वर्षांनी लहान. तिच्या घरच्यांना हे कितपत रुचलं असेल याची कल्पना आपण करू शकतो. ती कॅथलिक झाली आणि २५ सप्टेंबर १९१९ला दोघांचं लग्न झालं. ही तारीख कृपया लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे. पहिलं मूल काही दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर दोन मुलगे, दोन मुली. सावत्र आणि सख्खं असा भेद त्या घरात दिसत नसे, असं मुलांनीच पुढे सांगितलं आहे.

महापौर म्हणून सोळा वर्षांत त्यांनी काय काय केलं याची यादी मोठी आहे. शहराभोवती झाडांचा हिरवा पट्टा राखला, बंद पडलेलं विद्यापीठ १९१९ साली पुन्हा सुरू केलं, १९३२ साली कोलोन ते बॉन हा मोटारींचा खास रस्ता खुला केला. हिटलरनं ऑटोबान बांधले असं आपण ऐकत आलो, पण हा रस्ता त्याच्या आधीचा आहे. श्रद्धाळू असले तरी धर्मगुरू म्हणतील ती पूर्व दिशा, असंही नव्हतं. १९२२ साली म्युनिकला कॅथलिकांचं मोठं अधिवेशन भरलं. तिथे कार्डिनलनी राजेशाही उलथवून आलेल्या प्रजासत्ताकावर तोफ डागली. अध्यक्षस्थानी आडेनाऊर होते. त्यांनी भर सभेत, सौम्य शब्दांत का होईना, आपलं मत वेगळं असल्याचं सांगितलं.

मग १९३३ उजाडलं. फेब्रुवारीत नवा चॅन्सेलर हिटलर प्रचारासाठी कोलोनला आला. महापौर विमानतळावर गेले नाहीत. पक्षाच्या लोकांनी रातोरात पुलावर स्वस्तिकाचे झेंडे लावले, ते महापौरांनी उतरवायला लावले. पक्षाचा प्रचार सरकारी पुलावरून नको, एवढंच त्यांचं म्हणणं. महिना झाला नाही तोच १३ मार्चला त्यांना बडतर्फ केलं गेलं. पगार बंद, बँकेतलं खातं गोठवलेलं. कालपर्यंत वाकून नमस्कार करणारे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. अशा वेळी न मागता दहा हजार मार्क हातावर ठेवणारा माणूस होता ब्रसेल्सचा उद्योगपती डॅनी हाइनेमन. तो ज्यू होता.

बायकामुलांना कोलोनमध्ये ठेवून आडेनाऊर मारिया लाख इथल्या बेनेडिक्टाइन मठात लपले. तिथले मठाधिपती त्यांचे शाळासोबती. जवळजवळ वर्षभर ते तिथल्या खोलीत राहिले, साधूंबरोबर प्रार्थनेला जात, जंगलात फिरत, वाचत. पोपनी कामगारांच्या प्रश्नावर काढलेली १८९१ आणि १९३१ची दोन परिपत्रकं त्यांनी तिथे बारकाईनं अभ्यासली. पुढे त्यांच्या पक्षानं जो आर्थिक विचार मांडला त्याची मुळं तिथली, असं मानतात. पण मठातली शांतता बाहेरून दिसते तशी नव्हती. त्या उन्हाळ्यात एका स्नेही कुटुंबातल्या बाईंना त्यांनी लिहिलं की, माझं कुटुंब आणि माझा धर्म आड आला नसता तर मी केव्हाच माझं आयुष्य संपवलं असतं. सत्तावन्न वर्षांचा, कमालीचा संयमी माणूस हे लिहितो. श्रद्धा त्यांना काय देत होती हे मला तरी या एका वाक्याइतकं दुसऱ्या कशातून कळलेलं नाही. ती आनंद देत नव्हती. उद्याचा दिवस ढकलायला लावत होती.

त्यांची मूर्ती घडवणाऱ्यांना न आवडणारा एक कागदही इथेच सांगितला पाहिजे. ऑगस्ट १९३४मध्ये त्यांनी गृहमंत्र्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. निवृत्तिवेतन मिळावं म्हणून. त्यात, महापौर असताना मी नाझी पक्षाशी कसा नियमानं आणि न्यायानं वागलो, त्यांना मैदानं कशी दिली, याचे दाखले आहेत. पुढे विरोधकांनी हे पत्र उगाळून उगाळून दाखवलं. सात मुलांचा बाप, उत्पन्न शून्य, हे ध्यानात घेतलं तर मला त्या पत्राचा राग येत नाही. पण ते पत्र आहे, आणि ते नसल्यासारखं करणं बरं नव्हे.

१९३७ साली निवृत्तिवेतनाचा प्रश्न सुटला आणि त्यांनी बॉनच्या पलीकडे, ऱ्हाईनच्या उजव्या काठावर, ऱ्होनडॉर्फ या द्राक्षमळ्यांच्या गावात डोंगरउतारावर घर बांधलं. रस्त्यावरून घरापर्यंत पन्नासहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. उतारावर टप्पे पाडून त्यांनी बाग केली, गुलाब लावले. रिकामपण खायला उठतं म्हणून नाना शोध लावत बसायचे. मोजे रफू करताना आत धरायचं जे अंड्याच्या आकाराचं लाकूड असतं, त्याच्या आत दिवा बसवायची युक्ती त्यातलीच. साठी उलटलेला माजी महापौर मोज्यांच्या रफूसाठी दिवा शोधतोय. हिटलरच्या राज्यात सुखानं जगायचं तर एवढंच करावं लागत होतं. कटकारस्थानांपासून ते लांब राहिले. हिटलरविरुद्ध कट करणाऱ्यांनी त्यांच्याकडे विचारणा केली होती, त्यांनी नकार दिला.

तरीही २० जुलै १९४४ला हिटलरवरचा बॉम्बहल्ला फसल्यानंतर धरपकडीत ते सापडलेच. कोलोनच्या प्रदर्शनाच्या मैदानावर छावणी होती, तिथे त्यांना ठेवलं. एका कम्युनिस्ट कैद्याला तिथल्या यादीत त्यांच्या नावापुढची खूण दिसली. म्हणजे पुढचा मुक्काम बुखेनवाल्डची छळछावणी. त्यानं सावध केलं, आजारपणाचं सोंग वठवायला मदत केली. आडेनाऊर इस्पितळात हलवले गेले आणि तिथून निसटून डोंगराळ भागातल्या एका जुन्या पाणचक्कीत लपले. एका कम्युनिस्टानं एका कट्टर कॅथलिक, कम्युनिस्टविरोधी माणसाचा जीव वाचवला. दोघांच्या पुढच्या राजकारणात ही गोष्ट कुणाच्याच सोयीची नव्हती.

गेस्टापोला तो सापडेना. मग त्यांनी गुसीला उचललं. रस्त्यावरून पकडून आणलेल्या बायकांच्या कोठडीत कोंबलं आणि विचारलं, नवरा कुठे आहे? ती बोलली नाही. मग तिला सांगण्यात आलं की बोलली नाहीस तर तुझ्या दोन्ही मुलींना इथे आणतो. एक एकोणीस वर्षांची होती, दुसरी सोळा. गुसीनं पत्ता सांगितला.

आडेनाऊर पकडले गेले. त्या दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी झाली तो २५ सप्टेंबर १९४४चा दिवस याच धरपकडीत आला. ब्राउवायलर इथल्या तुरुंगात दोघंही पोचले. ती इमारत मूळची मठाची. नवऱ्याला आपण धरून दिलं या विचारानं गुसीनं तिथे जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, पण तब्येत कायमची मोडली. तिला सोडून दिलं गेलं. आडेनाऊर मात्र आतच राहिले. त्यांचा दुसरा मुलगा माक्स सैन्यात लेफ्टनंट होता. तो गणवेश चढवून बर्लिनला गेला आणि थेट वरिष्ठांना जाब विचारला, की मुलगा आघाडीवर लढतोय आणि बाप तुरुंगात सडतोय हे कसं? २६ नोव्हेंबरला बापाची सुटका झाली. हिटलरच्या सैन्याचा गणवेश होता म्हणून हिटलरच्या तुरुंगातून बाप सुटला. त्या काळातली घरं अशी होती. एकाच घरातला कोण कुठल्या बाजूला, हे आज ठरवायला बसलो तर हाती काही लागत नाही.

मार्च १९४५मध्ये जवळच्या रेमागनच्या पुलावरून अमेरिकन फौजा ऱ्हाईन ओलांडून आल्या. त्या तोफमाऱ्यात सगळं कुटुंब डोंगराच्या पोटातल्या तळघरात होतं. अमेरिकनांनी त्यांना पुन्हा कोलोनचं महापौर केलं. शहराचा बराचसा भाग म्हणजे विटांचे ढिगारे, मधोमध काळवंडलेलं कॅथेड्रल तेवढं उभं. नंतर तो प्रदेश इंग्रजांकडे आला. त्यांनी हुकूम केला, जळणासाठी हिरव्या पट्ट्यातली झाडं तोडा. महापौरांनी नकार दिला. ऑक्टोबरमध्ये इंग्रज ब्रिगेडियरनं त्यांना समोर उभं करून बडतर्फीचा कागद वाचून दाखवला: ढिगारे उपसण्यात ढिलाई केली, सबब बरखास्त, राजकारण बंद, शहरात यायचं नाही. गुसी तेव्हा कोलोनच्या इस्पितळात होती. तिला भेटण्यापुरती सवलत मिळाली. बारा वर्षांत दुसऱ्यांदा तोच माणूस त्याच खुर्चीवरून हाकलला गेला, यावेळी हिटलरला हरवणाऱ्यांकडून. आडेनाऊर पुढे आपल्या खडूस ढंगात हा किस्सा रंगवून सांगत.

३ मार्च १९४८ला गुसी गेली. वय अवघं बावन्न. रक्ताचा विकार जडला होता, आणि त्याची सुरुवात ब्राउवायलरच्या तुरुंगातल्या त्या प्रयत्नात झाली असं चरित्रकार मानतात. आडेनाऊर दुसऱ्यांदा विधुर झाले. पुढे त्यांनी चार खंडांत आठवणी लिहायला घेतल्या, चौथा अपुराच राहिला. त्या जवळजवळ सगळ्या राजकारणाच्या आहेत. गुसीनं दोन मुली वाचवण्यासाठी काय केलं आणि त्यासाठी स्वतःला किती शिक्षा करून घेतली, याचा बोभाटा त्या घरानं कधी केला नाही.

या मौनाचा धागा मला त्यांच्या एका पत्रातही दिसतो. फेब्रुवारी १९४६मध्ये त्यांनी बॉनच्या एका धर्मगुरूंना लिहिलं की जे घडलं त्याचा मोठा दोष जर्मन जनतेवर आणि आपल्या बिशपांवर, धर्मगुरूंवरही आहे. सगळ्या बिशपांनी एक दिवस ठरवून आपापल्या व्यासपीठावरून एकदम आवाज उठवला असता तर पुष्कळ काही टळलं असतं. त्यापायी ते तुरुंगात गेले असते, छळछावणीत गेले असते, तरी काही बिघडलं नसतं, उलट बरंच झालं असतं. चर्चचा आजन्म निष्ठावान सेवक हे लिहितो, हे मोठंच आहे. पण पत्राचा शेवट कसा आहे? यातलं काही घडलं नाही, तेव्हा गप्प राहणंच उत्तम. हे पत्र त्यांच्या हयातीत गाजलं नाही, कारण ते गाजवायचं नव्हतंच.

घरात जे केलं तेच त्यांनी देशातही केलं, असं मला वाटतं. २१ ऑगस्ट १९४९च्या रविवारी ऱ्होनडॉर्फच्या घरी पक्षाचे पुढारी जेवायला, कॉफीला जमले. उत्तम दारूही होती. गप्पांच्या ओघात यजमानांनी सांगून टाकलं की चॅन्सेलर मी होणार, डॉक्टर म्हणालेत की एक-दोन वर्षं निभावेल. १५ सप्टेंबरला संसदेत मतदान झालं. हवी होती २०२ मतं, पडली बरोबर २०२. एका मतानं! स्वतःचं मत स्वतःला दिलंत का, असं विचारल्यावर म्हातारा म्हणाला की दुसरं काही करणं ढोंगीपणा ठरला असता.

आणि या माणसानं नाझी राजवटीतल्या नोकरशहांना बाहेर ठेवण्याऐवजी बहुतेकांना परत कामावर घेतलं. त्यांचा उजवा हात हान्स ग्लोबके हा ज्यूंविरुद्धच्या न्युरेम्बर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक होता. आता नाझी हुंगत फिरणं थांबवा, असं त्यांनी संसदेत ऐकवलं. ज्यांचे आईबाप छावण्यांत मेले त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल? इथे मी म्हाताऱ्याची बाजू घेऊ शकत नाही. घरातलं दुःख झाकणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या दुःखाला कारण झालेल्यांना खुर्ची देणं वेगळं. मात्र याच माणसानं १९५२ साली इस्राएलशी करार करून तीन अब्ज मार्क, आणि त्याखेरीज ज्यू संघटनांना पंचेचाळीस कोटी मार्क द्यायचं कबूल केलं. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आघाडीतले कित्येकजण मतदानात तटस्थ राहिले, विरोधी समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यावर करार मंजूर झाला. ते ऋण त्यांच्या मनात फक्त राष्ट्राचं नसावं. डॅनी हाइनेमनचे दहा हजार मार्क ते विसरले नव्हते.

श्रद्धाळू होते म्हणून जिभेला हाड होतं असं समजू नका. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहत असताना बर्लिनला धावून जायचं सोडून त्यांनी प्रचारसभेत प्रतिस्पर्धी विली ब्रांट यांच्या विवाहबाह्य जन्मावर चिखल उडवला. लोकांना ते आवडलं नाही. आवडू नये असंच होतं.

पण त्याच लोकांना त्यांच्यात आपला कर्ता पुरुष दिसे, त्याला कारण होतं. सप्टेंबर १९५५मध्ये ते मॉस्कोला गेले. सोव्हिएत छावण्यांत जवळपास दहा हजार जर्मन युद्धकैदी दहा वर्षांनंतरही अडकलेले होते. युद्धातली मढी उकरून दोन्ही बाजूंनी खडाजंगी झाली. अखेर कैदी सुटले आणि त्यांच्यामागून कित्येक हजार नागरिकही. म्हातारा परतला तेव्हा विमानतळावर एका कैद्याची आई पुढे आली आणि तिनं त्यांचा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. मोठ्या मोठ्या करारांहून जर्मन माणसाच्या मनात हेच राहिलं.

फ्रान्सशी समेट हे त्यांचं सर्वांत मोठं काम. तेही घरातूनच सुरू झालं. सप्टेंबर १९५८मध्ये द गॉल यांनी त्यांना पॅरिसला न बोलावता आपल्या खेड्यातल्या घरी बोलावलं, रात्री ठेवून घेतलं. दोघेही म्हातारे, दोघेही कॅथलिक, दोघेही हट्टी. ८ जुलै १९६२ला रॅन्सच्या कॅथेड्रलमध्ये दोघं मिस्सेला शेजारी उभे राहिले. १९१४ साली जर्मन तोफांनी याच कॅथेड्रलची राखरांगोळी केली होती. पुढच्या जानेवारीत मैत्रीचा करार झाला.

चॅन्सेलर असतानाही ते संध्याकाळी नदी ओलांडून ऱ्होनडॉर्फला परतत. धर्मगुरू झालेला मुलगा पाउल त्यांच्याजवळ राहायला होता. परदेश दौऱ्यांवर मुली आळीपाळीनं सोबत जात. वीसहून अधिक नातवंडं झाली. वाढदिवसाला त्या पायऱ्यांवर पोरांची रांग लागे. गुलाबांच्या नावाजलेल्या एका रोपवाटिकेनं १९५५ साली एका लाल गुलाबाला त्यांचं नाव दिलं. त्याचं अप्रूप त्यांना पदव्यांहून जास्त होतं म्हणतात.

एप्रिल १९६७मध्ये छातीत सर्दी भरली, हृदय थकलं. मुलं गोळा झाली. मुलीला रडू आवरेना, तेव्हा कोलोनच्या गावठी बोलीत ते म्हणाले की यात रडण्यासारखं काही नाही. १९ एप्रिलला ते गेले. सहा दिवसांनी कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा झाली. द गॉल आले, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आले, ऐंशी वर्षांचे बेन गुरियन इस्राएलहून आले. मग शवपेटी आरमाराच्या बोटीवर ठेवली आणि ऱ्हाईनमधून वरच्या अंगाला निघाली. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. ऱ्होनडॉर्फच्या रानातल्या लहानशा दफनभूमीत, गुसी एकोणीस वर्षांपूर्वी जिथे विसावली होती तिथे, कुटुंबाच्या जागेत त्यांना पुरलं.

त्याच वर्षी मुलांनी ते घर, बाग आणि आतलं सगळं सामान देशाला देऊन टाकलं. आज तिथे कुणालाही जाता येतं.